दुकानात चालतं, घरी नाही

"नवा होता तेव्हा बरा चालायचा हो."

काउंटरवर कॉम्प्युटर ठेवून गिऱ्हाईक पहिलं वाक्य हेच बोलतं. सूरही ठरलेला असतो. लग्न झालेल्या मुलाबद्दल आईबाप ज्या सुरात बोलतात ना, तोच. त्यानंतरचं वाक्यही मला पाठ आहे, "व्हायरस असेल, बघा जरा." आपल्याकडे जसं माणसाला काहीही झालं की आधी नजर लागली म्हणतात, तसं कॉम्प्युटरला काहीही झालं की व्हायरस. मी मान डोलवायचो आणि डब्याचे स्क्रू काढायला घ्यायचो. इतकी वर्षं औरंगपुऱ्यात दुकान चालवलं, आता ते भाच्याच्या हवाली केलंय, पण ते वाक्य अजून कानात आहे. परवा भाजी घेताना एकाने मोबाइलबद्दल तेच म्हटलं तर माझा हात खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे गेला. खिशात स्क्रू-ड्रायव्हर नव्हता, ही वेगळी गोष्ट.

ज्यांना या धंद्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कंपनीचा तयार कॉम्प्युटर वेगळा आणि आम्ही बांधून देतो तो वेगळा. आम्ही गिऱ्हाइकाचं काम विचारतो आणि सुटे भाग आणून एका डब्यात बसवतो. त्या डब्याला आम्ही कॅबिनेट म्हणतो. असा बांधलेला कॉम्प्युटर पहिल्या दिवशी पळतो आणि पुढे मंदावत जातो, त्याला कारणं फार नसतात. कुणी नको ते प्रोग्रॅम भरून ठेवतं, कुणी साठवायची जागा गच्च करून टाकतं. आणि ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही असं कारण म्हणजे उष्णता. आतला प्रोसेसर काम करताना तापतो. त्याला गार हवा मिळाली नाही तर तो जळून जाऊ नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. बिघडलेला नसतो तो, जीव वाचवत असतो. बाहेरून बघणाऱ्याला मात्र वाटतं की मशीन कामचुकार झालं.

गारखेड्यात माझे एक गिऱ्हाईक होते, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. दर दसऱ्यानंतर त्यांचा कॉम्प्युटर मंदावायचा. मी उघडायचो तर आत झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या. शस्त्रपूजेला ते झेंडूची भरघोस माळ कॅबिनेटला घालायचे आणि ती नेमकी मागच्या पंख्यावर लोंबायची. मी हात जोडून म्हटलं, साहेब, माळ मॉनिटरला घाला. त्यावर ते म्हणाले, मॉनिटर नुसता तोंड दाखवतो, राबतो तो डबा, मान त्याला नको का? आम्ही तडजोड केली. माळ सकाळी घालायची आणि आरती झाली की काढायची.

अशा गमती सांगायला बसलो तर अंक पुरणार नाही. पण दुकान सोडल्यापासून मला गमती कमी आठवतात. आठवते ती कोमल.

करमाडच्या पलीकडच्या एका वस्तीवरून ती वडिलांबरोबर आली होती. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. वडील भानुदासराव, डोक्याला तांबडं पागोटं, खांद्यावर टॉवेल. मेंढरं राखणारं घर. आता थोडी मेंढरं, थोडी शेती आणि उरलेल्या दिवसांत मजुरी, असं चाललेलं. कोमलने आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता. शेंद्र्याच्या एका छोट्या वर्कशॉपच्या मालकांनी तिला घरबसल्या साच्यांची ड्रॉइंग काढायचं काम देऊ केलं होतं. त्यासाठी दमदार मशीन लागणार होतं आणि भानुदासरावांनी त्याकरता कळपातली काही मेंढरं मोडली होती.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला सगळं उघड सांगितलं. घरात कोमलच्या लग्नाचं बोलणं चालू होतं. वेरुळाच्या पुढच्या एका वाडीचं स्थळ होतं आणि त्यांचे थोरले भाऊ त्यासाठी मागे लागले होते. भानुदासरावांनी भावाला थोपवून धरलं होतं. मला म्हणाले, "हिचं काम लागलं तर लगीन पुढं ढकलतो, साहेब. नाय लागलं तर वैशाखात उरकावं लागंल. म्हून मशीन चांगली बनवा."

एवढं ऐकल्यावर कोण हयगय करेल? मी माझ्या मुलीसाठी बांधावं तसं ते मशीन बांधलं. कॅबिनेट तेव्हा बाजारात नवीन आलेलं होतं, समोरून आणि बाजूने काच. काचेतून हवा जाणार नाही, म्हणून त्याला हवा खालून घ्यायची सोय असते. बुडाला जाळी आणि पंखे, खाली रबराचे चार बुटके पाय. काचेतून आतले दिवे दिसले तेव्हा कोमल हसली. भानुदासरावांनी काचेवर बोट लावलं आणि लगेच टॉवेलने तो ठसा पुसला.

हिवाळा छान गेला. कोमलचा मधूनच फोन यायचा, सर, मालक खूश आहेत, अजून काम देतो म्हणालेत. मला सर म्हणणारी तशी माझ्याकडे माणसं कमी, मी ते कौतुकाने घरी सांगायचो.

महाशिवरात्रीच्या सुमाराला ती वडिलांबरोबर मशीन घेऊन आली. हळू चालतंय म्हणाली. सकाळी ठीक असतं, दुपार झाली की माउस हलवला तरी चित्र हलत नाही. मी उघडून बघितलं. बुडाच्या जाळीला बारीक काळे केस चिकटले होते. मी विचारलं, घरात कुत्रं आहे का? ती म्हणाली, सर, मेंढरांचं घर आहे आमचं. मेंढरांच्या घरात लोकर उडणारच, असं म्हणून मी जाळी झटकली आणि मशीन दिवसभर टेबलावर चालवून बघितलं. घोड्यासारखं पळालं. तापमान दाखवणारा प्रोग्रॅम लावला तर आकडा जागचा हलेना.

भानुदासराव शेजारी बसून होते. त्यांना मी उष्णतेचं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी मेंढरागत. ऊन चढलं की मेंढरं एकमेकाच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी ऱ्हातेत. किती हाका, हालत नाहीत. मुकाट असतेत, पर आळशी नसतेत." इतक्या वर्षांत मला कुणालाही इतकं नेमकं समजावता आलं नव्हतं. पुढे मी ते वाक्य शंभर गिऱ्हाइकांना ऐकवलं असेल.

मी विचारलं, मशीन पत्र्याखाली ठेवता का? उन्हाच्या तिरपेत येतं का? कोमल म्हणाली, नाही सर, घरातली सगळ्यात गार जागा दिलीय, रांजणाशेजारची. वर पंखाही आहे. मशीन काही बिघडलेलं नव्हतं. मी ते परत पाठवलं.

ते परत आलं. मी प्रोसेसरवरचं उष्णता ओढून घेणारं मलम बदललं, विंडोज नव्याने टाकली, गेलं. पुन्हा आलं. मेमरी बदलली, साठवणीची डिस्क बदलली. आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट मशीन कोणतं, विचारा. बंद पडलेलं नाही. जे दुकानात चालतं आणि घरी चालत नाही, ते. बंद पडलेल्या मशीनचा मुडदा समोर असतो, कारण शोधता येतं. हे मशीन मेकॅनिकला आणि गिऱ्हाइकाला दोघांनाही खोटं पाडतं.

शेवटी एकदा कोमल माझ्या दुकानातच बसली. एक ड्रॉइंग अडकलं होतं आणि मालकांचे सारखे फोन येत होते. तिने माझ्या टेबलावर तेच मशीन लावलं आणि दिवसभर काम केलं. एकदाही अडलं नाही. ड्रॉइंग पाठवून झाल्यावर तिने मशीन बंद केलं. मग म्हणाली, "सर, इथं चालतंय म्हंजी माझ्याच हातात काही खोट असंल का? चुलते म्हणतेत, मशीन मंद नाय, पोरगी मंद हाय."

मी तिला वेड्यासारखं बोलू नकोस म्हणून दटावलं. पण रागावलो होतो मी माझ्यावर. त्यांच्या घरची वीज कमीजास्त होत असेल असा मला संशय आला आणि मी म्हटलं, मीच येतो बघायला. मशीन दुकानात यायचं, मेकॅनिकने मशीनच्या घरी जायचं नाही, अशी आमच्यात रीत आहे, कारण घरी गेलं की चहात आणि गप्पांत दिवस जातो. ती रीत मी मोडली.

गेलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. घर लहान, पण सारवलेलं, लख्ख. कोमलची आई गयाबाई दारात पाणी घेऊन उभी होती. मला भाऊ म्हणाली. आत रांजणाशेजारी मशीन होतं आणि ते बघून मी जागच्या जागी थांबलो.

मशीन घोंगडीवर बसवलेलं होतं. काळीभोर, हातांनी कातलेल्या लोकरीची जाड घोंगडी, चार पदरी घडी घातलेली. काचेवर हळदकुंकवाची बोटं होती. रबराचे बुटके पाय लोकरीत पार रुतले होते आणि घोंगडीच्या कडा सगळीकडून डब्याला लागून वर आल्या होत्या. ज्या बुडातून त्या मशीनने श्वास घ्यायचा, त्या बुडाचं तोंड घोंगडीने दाबून धरलं होतं.

मेंढरं राखणाऱ्या घरांत घोंगडी म्हणजे नुसतं अंथरूण नव्हे, हे मला ऐकून ठाऊक होतं. देव घोंगडीवर बसतो, पंच घोंगडीवर बसतात, नवरदेवाला घोंगडी अंथरतात. शपथ घ्यायची तर घोंगडीवर हात ठेवून. ही घोंगडी गयाबाईच्या सासूने कातलेल्या लोकरीची, सणगराकडून विणून आणलेली. लेकीच्या आयुष्याची वस्तू घरात आली तेव्हा तिला उघड्या जमिनीवर कसं ठेवायचं? मी इतक्या वेळा विचारलं, कुठं ठेवता, कसं ठेवता. घोंगडीचं कुणी बोललं नाही. लपवलं नव्हतं त्यांनी. देवाला पाटावर बसवलंय हे कुणी मुद्दाम सांगतं का?

मी मशीन उचललं. खालची घोंगडी तव्यासारखी तापली होती. ती बाजूला सारून मी मशीन दोन विटांवर ठेवलं. थोड्याच वेळात कोमलचं ड्रॉइंग पडद्यावर गरागरा फिरायला लागलं. गयाबाई उंबऱ्यात उभी राहून माझे हात बघत होती.

मी कोमलला अंगणात बोलावलं आणि कारण सांगितलं. मला वाटलं होतं ती आनंदाने ओरडेल. ती म्हणाली, मालकांनी काम दुसऱ्या मुलाला दिलं. आणि परवा सुपारी फुटली.

आमच्याकडे सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं, त्यात मागे फिरणं नाही. तरी मी भानुदासरावांना गाठून म्हटलं, मशीन आता चालेल, मी स्वतः मालकांशी बोलतो, थोडं थांबा. ते खाली बघत म्हणाले, "चार लोकात शब्द दिला, साहेब. आधी कळलं असतं तर ह्या बापानं रेटलं असतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

निघताना कोमलने मला फाटकाशी अडवलं. म्हणाली, "सर, आईला सांगू नका. घोंगडीनं माझं काम गेलं म्हणून कळलं तर ती जगायची नाय. मशीन ठीक हाय, येवढंच सांगा." मी म्हटलं, काहीतरी भाग बिघडला होता म्हणतो. ती म्हणाली, आई बघत होती, तुम्ही काहीच बदललं नाही, तिला पटणार नाही. म्हणून मी परत आत गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, मशीनमध्ये काही बिघाड नाही, उत्तम आहे. थोरले चुलते ओट्यावर बसले होते. ते भानुदासरावांना म्हणाले, ऐकलं का, मशीन उत्तम हाय. पुढचं ते बोलले नाहीत आणि बोलायची गरजही नव्हती. कोमल चहाचे कप उचलून आत गेली.

एकीचं मन राखायला गेलो आणि दुसरीचं नाव घालवून आलो. हे मला घरी पोचेपर्यंत उमगलं नव्हतं.

लग्नाला मी गेलो नाही. आमंत्रण होतं. दुकानात काम आहे म्हणून कळवलं. काम कसलं, नुसता बसून होतो.

आषाढात एका दुपारी गयाबाई दुकानात आली. एकटी, एसटीने. हातात कापडी पिशवी. पाणी दिलं तर नको म्हणाली. पिशवीतून तिने ती घोंगडी काढली आणि माझ्या काउंटरवर ठेवली. म्हणाली, "भाऊ, ही एखाद्या मशीनीखाली घाला. मला बगायचंय."

मला समजलं ती कशाला आली आहे. मी कोमलला शब्द दिला होता. कोपऱ्यात एक जुनं मशीन होतं, समोरून जाळी असलेलं, तोंडाने हवा घेणारं. त्याला खाली घोंगडी घातली काय नि गादी घातली काय, फरक पडणार नव्हता. मी घोंगडीची तशीच चार पदरी घडी घातली, त्यावर ते मशीन ठेवलं आणि चालू केलं. एक जड ड्रॉइंग लावून दिलं, ते फिरत राहिलं. गयाबाई स्टुलावर बसून बघत होती. मधे दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. मशीन अडलं नाही. मी म्हटलं, बघा ताई, काही होत नाही घोंगडीने.

ती उठली. मशीनच्या तोंडावरून तिने हात फिरवला.

"ह्याला म्होरून जाळी हाय," ती म्हणाली. "आमच्या मशीनीला काच व्हती. मी रोज पुसायची."

मी मशीन बंद केलं.

"तुमी चांगले हाव, भाऊ. कोमलला बी फोनवर इचारलं, ती बी असंच गोड बोलली. आमच्यात लेकीला सासरी जाताना घोंगडी देतेत. तिनं नेली नाय. इसरले म्हणली. घोंगडी कुणी इसरतं का?" मग म्हणाली, "मला जपू नका. खरं सांगा, माझी पोरगी मंद व्हती का?"

"नव्हती," मी म्हटलं. "हात तिचा चांगला होता. मशीन गुदमरत होतं." आणि मग मी तिला सगळं सांगितलं, जाळी, पंखे, रुतलेले पाय, सगळं. मेंढरांचं उदाहरण द्यावं लागलं नाही. ती मधेच म्हणाली, उन्हात उभ्या मेंढरावानी. नवऱ्याने तिला ते कधीतरी सांगितलं असेल, किंवा तिला ते कुणी सांगायची गरजच नव्हती.

ती रडली नाही. पदराने तोंड पुसून तिने मला थोरल्या दिरांना फोन लावायला सांगितला. मी लावला आणि जे तेव्हा ओट्यासमोर सांगायला हवं होतं ते आता सांगितलं. पलीकडे चुलत्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "असं व्हय. पर आता त्याचं काय?"

मग तिने कोमलला फोन लावायला सांगितला. आधी सासूने उचलला, कोमल मेंढरांमागे गेलीय म्हणाली, मग हाक मारल्याचा लांबून आवाज आला. गयाबाईने फोन दोन्ही हातांनी कानाला धरला होता.

"माय, तू मंद नव्हतीस," ती म्हणाली. "ती घोंगडी व्हती. मीच बशिवली व्हती. तुझ्या चुलत्याला सांगितलंय, आता तुझ्या सासऱ्याला बी मीच सांगते."

मग कोमलने काहीतरी विचारलं आणि गयाबाईने फोन माझ्याकडे दिला. मी शब्द मोडला म्हणून ती रागावेल, असं मला वाटलं. मी विचारलं, कशी आहेस.

"बरी हाय, सर," कोमल म्हणाली. मागे मेंढरं ओरडत होती. "तुम्ही विंडोज परत तर नाय टाकली ना? एक ड्रॉइंग अर्धं ऱ्हायलंय माझं. अजून असंल का त्यात?"

मशीन वस्तीवर होतं, रांजणाशेजारी, विटांवर. मी ते त्या दिवसानंतर पाहिलंही नव्हतं.

"आहे," मी म्हटलं. "कुणी हात लावलेला नाही."